संध्याकाळी सेट-टॉप बॉक्स आणि राउटर पुन्हा पुन्हा बंद होणे : कारणे आणि उपाय

टीव्ही चालू असतो, पण सेट-टॉप बॉक्स मध्येच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो. राउटरचे दिवे विझतात आणि इंटरनेट परत यायला दोन-तीन मिनिटे लागतात. दिवसा यातले काही होत नाही, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान मात्र हमखास होते. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर या पट्ट्यातल्या लहान गावांत आणि शेतातल्या आखाड्यांवर (शेतावरच्या घरांवर) ही तक्रार इतकी नेहमीची आहे की लोक आधी बॉक्स बदलतात, मग अ‍ॅडाप्टर बदलतात, शेवटी टीव्हीच जुना झाला असे ठरवून नवा आणतात, आणि नव्या टीव्हीसमोर बसल्यावरही तोच प्रकार सुरू राहतो. माझे स्पष्ट मत आहे की हा खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. बिघाड उपकरणात नसून त्याला मिळणाऱ्या विजेत असतो, आणि तो नेमका कुठे आहे हे शोधण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तो कोणत्या वेळी होतो ही.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. टीव्हीजवळच्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच. बॉक्स बंद पडला की त्या तारखेच्या चौकटीत वेळ लिहावी आणि त्यापुढे दोन-चार शब्दांत त्या क्षणी घरात काय चालू होते, दिवे डिम झाले होते की एकदम प्रखर झाले होते, पाऊस होता का, लाइट नुकतीच आली होती का, एवढे नोंदवावे. दोन आठवड्यांत त्या नोंदींमधून एक आकार दिसू लागतो. रोज संध्याकाळीच होत असेल तर व्होल्टेज आणि इन्व्हर्टर यांच्याकडे पाहावे, वैशाखातल्या दुपारी होत असेल तर उष्णतेकडे, पावसात होत असेल तर छतावरच्या डिशकडे म्हणजे छत्रीकडे, आणि कूलर किंवा मिक्सर चालू करताच होत असेल तर घरातल्या बोर्डाकडे. ही नोंद नसताना कोणत्याही कारागिराला बोलावले तरी तो दुपारी येतो, सगळे व्यवस्थित चालताना पाहतो आणि अंदाजाने एखादी वस्तू बदलून जातो.

आता संध्याकाळच्या व्होल्टेजविषयी. आपल्याकडे घरगुती विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे आणि नियमाप्रमाणे तो सहा टक्क्यांनी कमी-जास्त होऊ शकतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान राहायला हवा. प्रत्यक्षात डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असलेल्या घरात संध्याकाळी व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर लावला तर १७० ते १८५ असा आकडा दिसणे नवलाचे नाही. नळाच्या शेवटच्या घराला जसे पाणी कमी दाबाने येते, तसेच लांबलेल्या तारेच्या टोकाच्या घराला व्होल्टेज कमी मिळते, आणि वाटेतली घरे जितकी जास्त वीज ओढतील तितके ते आणखी उतरते. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस आले आणि आखाड्यावरची लाइट शेतीच्याच तारेवरून येत असली की त्यात भर पडते. थ्री फेज बंद असलेल्या वेळेत कंडेन्सर लावून सिंगल फेजवर मोटारी चालवल्या जातात, आणि त्या चालू झाल्या की आखाड्यावरचा बल्ब लालसर दिसू लागतो.

येथे एक प्रश्न रास्तपणे उभा राहतो. आजचे टीव्ही, बॉक्स आणि राउटर यांच्या अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, मग १७५ व्होल्टला त्यांनी बंद का पडावे? नुसत्या कमी व्होल्टेजने ते बंद पडतही नाहीत. म्हणूनच एलईडी टीव्हीसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला दुकानात दिला जातो तेव्हा मला तो पटत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या काळात त्याला अर्थ होता. आज स्टॅबिलायझरची खरी गरज फ्रिजला आहे, कारण कॉम्प्रेसरची मोटार कमी व्होल्टेजला अडखळते आणि तापते. तोही लाइट आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून वीज सोडणारा असावा, म्हणजे कॉम्प्रेसरला दाब उतरायला वेळ मिळतो.

बॉक्स बंद पडण्याचे खरे कारण बहुतेक घरांत इन्व्हर्टरमध्ये सापडते. घरगुती इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक लहानशी कळ असते आणि तिच्यावर दोन स्थिती असतात. एकीला यूपीएस मोड म्हणतात, दुसरीला नॉर्मल किंवा ईको मोड. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारणपणे १८० ते २६० व्होल्टच्या दरम्यानचीच लाइट घरात सोडतो; दाब १८० च्या खाली गेला की तो घर बॅटरीवर घेतो आणि दाब थोडा वर आला की पुन्हा लाइटवर आणतो. दुसऱ्या मोडमध्ये हीच मर्यादा खाली १०० च्या आसपासपर्यंत आणि वर २८०-२९० पर्यंत रुंद असते. आता संध्याकाळी व्होल्टेज नेमके १८० च्या आजूबाजूला हेलकावे खात असेल तर काय होईल हे सहज लक्षात येते. इन्व्हर्टर सतत इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीच्या वेळी काही मिलिसेकंद घरात वीज नसते.

एरवी हा खंड अ‍ॅडाप्टरला जाणवत नाही, कारण त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते आणि ती दहा-वीस मिलिसेकंद काम भागवते. परंतु हा साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या, म्हणजे व्होल्टेजला व्होल्टेजनेच गुणून येणाऱ्या आकड्याच्या, प्रमाणात कमी होतो. १७५ व्होल्टला तो २३० व्होल्टच्या तुलनेत साधारण ५८ टक्केच उरतो. म्हणजे ज्या वेळी इन्व्हर्टर सर्वाधिक उड्या मारतो, नेमक्या त्याच वेळी अ‍ॅडाप्टरची तग धरण्याची ताकद सर्वांत कमी असते. त्यात अ‍ॅडाप्टर चार-पाच उन्हाळे पाहिलेला असेल तर त्याचा कपॅसिटर आधीच थकलेला असतो. म्हणूनच त्याच घरात नवा टीव्ही चालू राहतो, त्याच बोर्डावरचा जुना बॉक्स मात्र बंद पडतो, आणि सगळा दोष बॉक्सच्या माथी येतो.

हे तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. संध्याकाळी एकाने टीव्हीसमोर आणि एकाने इन्व्हर्टरजवळ बसावे. इन्व्हर्टरच्या आतला रिले, म्हणजे लाइट आणि बॅटरी यांत अदलाबदल करणारी कळ, बदलला की स्पष्ट ‘टक्’ असा आवाज येतो, आणि अनेक इन्व्हर्टरवर लाइटचा दिवा विझून बॅटरीचा लागतो. तो आवाज आणि बॉक्स बंद पडणे एकाच क्षणी घडत असेल तर कारण सापडले. घरात टेबलावरचा संगणक नसेल तर कळ नॉर्मल मोडवर करावी. त्या मोडमध्ये बदलायला वेळ थोडा जास्त लागतो, त्यामुळे लाइट खरोखर जाईल तेव्हा बॉक्स एकदा बंद होऊन सुरू होईल हे खरे आहे; पण संध्याकाळभर चाललेल्या उड्या थांबतात, आणि दुसरा लाभ असा की बॅटरी विनाकारण उतरत नाही. वारंवार बॅटरीवर जाणाऱ्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि मग रात्री दोन वाजता लाइट गेली की अर्ध्या तासात पंखा थांबतो. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी चार्जिंग बंद करून काही तास ठेवल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपासच थांबत असेल तर ती अर्धीच भरलेली आहे असे समजावे. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. आपल्या भागातले बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले असते, ते बॅटरीत एकदाही जाऊ देऊ नये.

राउटरसाठी मात्र मी वेगळा उपाय सुचवतो, आणि रोजच्या वापरातल्या सगळ्या लहान वस्तूंमध्ये मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू हीच आहे. ती म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस. तळहाताएवढ्या आकाराच्या या डबीत लिथियमच्या सेल असतात, ती अ‍ॅडाप्टर आणि राउटर यांच्या मध्ये जोडायची असते आणि तिच्यातून थेट डीसी वीज मिळत असल्यामुळे मध्ये खंड असा पडतच नाही. मुलगी ऑनलाइन परीक्षा देत असताना किंवा पीक विम्याचा अर्ज भरताना शेवटच्या पानावर इंटरनेट तुटणे काय असते, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना या डबीचे मोल सांगावे लागत नाही. घेण्यापूर्वी राउटरच्या अ‍ॅडाप्टरवरचे आकडे नीट वाचावेत, कारण बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असले तरी ९ आणि ५ व्होल्टचेही असतात, आणि जास्त व्होल्टेज दिले तर राउटर जळू शकतो. अँपिअरचा आकडा अ‍ॅडाप्टरइतका किंवा त्याहून जास्त असावा. पिनची जाडी आणि तिच्या आतबाहेरच्या अधिक-उण्याची खूणही जुळवून पाहावी.

इन्व्हर्टर नसलेल्या घरात हाच प्रकार होत असेल, किंवा इन्व्हर्टरची कळ बदलूनही थांबत नसेल, तर लूज कनेक्शन शोधावे लागते. आपल्या घरांमध्ये एकाच एक्स्टेंशन बोर्डावर टीव्ही, बॉक्स, राउटर, मोबाइलचा चार्जर आणि उन्हाळ्यात कूलरसुद्धा जोडलेला असतो. कूलरची मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते आणि त्या बोर्डाचा एखादा सैल स्क्रू तेवढ्याने ठिणगी टाकतो. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला की पितळेच्या पट्टीजवळ तपकिरी झालेले प्लॅस्टिक आणि कडक पडलेली तार दिसते. तिथेच दोष असतो. कूलरला स्वतंत्र सॉकेट द्यावे, हे तर सांगायलाच हवे.

लूज कनेक्शन शोधण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेले साधन म्हणजे घरात पडून असलेला जुना ट्रान्झिस्टर. मीडियम वेव्ह लावावी, कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवावा, आवाज मोठा करावा आणि ट्रान्झिस्टर हातात धरून बोर्डाजवळून, मीटरच्या पेटीजवळून, सर्व्हिस वायर घरात येते त्या कोपऱ्याजवळून हळूहळू फिरवावा. जिथे तार सैल आहे आणि बारीक ठिणग्या पडत आहेत तिथे ‘चर्र चर्र’ असा तुटक, अनियमित आवाज एकदम वाढतो. एलईडी बल्ब आणि स्वस्त चार्जरही रेडिओत घरघर करतात, पण त्यांचा आवाज एकसारखा असतो. तो गोंधळ नको असेल तर तपासणीपुरते ते बंद ठेवावेत. लोक आता ब्लूटूथ स्पीकर आणून ट्रान्झिस्टर भंगारात देतात. स्पीकरचा आवाज गोड असतो यात शंका नाही, तरी लाइट नसलेल्या रात्री दोन सेलवर परभणी किंवा बीडचे आकाशवाणी केंद्र ऐकवणारे आणि दिवसा भिंतीतला दोष दाखवणारे यंत्र घरात असावे, असे मला मनापासून वाटते.

चरचर मीटरच्या आधीच्या बाजूला, म्हणजे सर्व्हिस वायरवर किंवा खांबावर ऐकू येत असेल तर तेथे आपण हात घालायचा नाही. वीज वितरण कंपनीच्या लाइनमनलाच बोलवायचे. या ठिकाणचा सर्वांत धोकादायक दोष म्हणजे न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सैल होणे किंवा तुटणे. डीपीवरून निघणाऱ्या तीन फेजांवर वेगवेगळी घरे असतात आणि त्या सर्वांचा न्यूट्रल एकच असतो. दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो, आणि मधला न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजांवरची घरे या ४०० व्होल्टच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात वापर कमी, त्या घराला जास्त व्होल्टेज मिळते, कधी ३०० च्याही वर. ज्या रात्री एका आळीतले टीव्ही, बॉक्स आणि फ्रिज एकदम जळतात, त्या रात्री बहुधा हेच घडलेले असते. याची आगाऊ सूचना दिव्यांकडे पाहून मिळते: शेजारच्या घरात दिवे डिम झालेले असताना आपल्या घरात ते नेहमीपेक्षा प्रखर होतात आणि पंखा जोरात फिरू लागतो. असे दिसले की काहीही तपासत न बसता मेन स्विच खाली पाडावा.

या दोषापासून स्पाइक गार्ड वाचवत नाही. त्याच्या आतला भाग विजेचा क्षणिक तडाखा शोषण्यासाठी असतो. मिनिटभर टिकणारे ३०० व्होल्ट त्याला झेपत नाहीत आणि तो स्वतःच जळतो. त्याऐवजी मेन बोर्डावर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावून घ्यावा. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर किंवा खाली गेले की तो घराची वीज तोडतो आणि दाब स्थिर झाल्यावर थोडे थांबून आपोआप जोडतो. खालची मर्यादा बसवताना मात्र गावातली संध्याकाळ लक्षात घ्यावी. ती २०० वर ठेवली तर घर रोज अंधारात राहील. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

अर्थिंगचा प्रश्न याच ओघात येतो आणि मराठवाड्यात तो उन्हाळ्यात हमखास वाढतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते. त्या भेगा अर्थिंगच्या पट्टीपासून माती दूर नेतात आणि कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या मागच्या धातूला हात लागल्यावर मुंग्या येणे, एचडीएमआयची तार लावताना बारीक चटका बसणे, या अर्थिंग नसल्याच्या खुणा असू शकतात. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसत असेल, किंवा फेज आणि अर्थ यांच्यातला दाब फेज-न्यूट्रलच्या जवळपासही येत नसेल, तर खड्डा तपासावा आणि उन्हाळाभर त्यात नियमाने पाणी सोडावे. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि कोरडे अर्थिंग यांमुळे दरवर्षी माणसे जातात. म्हणून टीव्हीचा विषय काढून कोणी माझ्याकडे आले तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवा, हे मी आधी सांगतो. बॉक्सची भरपाई होते, माणसाची होत नाही.

दुपारी बंद पडणाऱ्या बॉक्सची गोष्ट वेगळी आहे. पत्र्याच्या घरात मे महिन्यात खोलीचाच पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि बॉक्स लाकडी कप्प्यात, वर विणलेला रुमाल अंथरून, खाली इन्व्हर्टर ठेवून बसवलेला असतो. कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य ठोकताळा आहे. रुमाल काढावा, बॉक्सखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवाव्यात आणि सर्व बाजूंनी चार बोटे जागा मोकळी सोडावी. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घरात तोच बॉक्स वर्षानुवर्षे चालतो, यामागे खोलीचा गारवा हेच मोठे कारण आहे. स्मार्ट टीव्हीलाही हेच लागू आहे. बॅकलाइट शंभरावर ठेवण्याऐवजी पन्नास-साठवर ठेवला तर आतल्या एलईडीच्या पट्ट्या कमी तापतात आणि जास्त टिकतात.

पावसातली तक्रार थोडक्यात सांगता येते. जोराच्या पावसात सिग्नल जाणे हा छत्रीच्या लहरींचा स्वभाव आहे आणि पाऊस ओसरला की तो परत येतो. पाऊस थांबून तासभर झाल्यावरही येत नसेल तर एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या, जोडात पाणी शिरले आहे किंवा वानरांनी छत्री हलवली आहे. डीडी फ्री डिशची छत्री आपल्या भागात आग्नेयेकडे वळलेली असते, कारण त्याचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र जाते, ते सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आल्यामुळे. त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

संध्याकाळचे व्होल्टेज कायमच १८० च्या खाली राहत असेल तर दिनदर्शिकेवरच्या नोंदी एका कागदावर उतरवून लेखी तक्रार द्यावी. ‘लाइट डिम असते’ एवढेच लिहिण्याऐवजी तारीख, वेळ आणि मल्टीमीटरवर दिसलेला आकडा लिहावा, आणि रात्री आठच्या सुमारास मीटरपाशी व्होल्टेज मोजण्याची मागणी करावी. आळीतली बहुतेक घरे एकाच फेजवर असतील तर काही घरे दुसऱ्या फेजवर घेतल्याने मोठा फरक पडतो, आणि हे काम नवी डीपी बसवण्याइतके अवघड नसते. पाच-सहा घरांनी मिळून तक्रार दिली तर ते लवकर होते.

एवढे सगळे करूनही बॉक्स बंद पडतच असेल, तर तो अ‍ॅडाप्टरसह उचलून दुसऱ्या डीपीवरच्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी दोन-तीन संध्याकाळी लावून पाहावा. तिथे तो नीट चालला तर आपल्या घरातली तपासणी अजून अपुरी आहे. तिथेही बंद पडला तर त्याच व्होल्टचा आणि तितक्याच अँपिअरचा दुसरा अ‍ॅडाप्टर लावून पुन्हा पाहावे, आणि त्यानंतरही फरक पडला नाही तरच नवा बॉक्स घ्यावा.